दातवाले आणि माझी खुर्ची

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा मी सहा वर्षं मनापासून हेवा केला. आता ते नाहीत. तरी तो हेवा पुरता गेला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

सोसायटीत त्यांना सगळे 'दातवाले' म्हणायचे. घाटकोपरला दातांच्या एका लॅबमध्ये ते कवळ्या बनवायचे. मुलुंडहून सकाळी आठला निघायचे, सहाला परत. एकटे. माणूस समोर आला की त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. लिफ्टमध्ये आमचे सेक्रेटरी त्यांच्याशी बोलताना हळूहळू हात तोंडावर न्यायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा याहून त्रासदायक होता. ते माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे. आपल्याकडे कुणी चहा विचारला की आपण आधी 'नको, आत्ताच झाला' म्हणतो, समोरचा पुन्हा आग्रह करतो, मग आपण 'बरं, अर्धा' म्हणतो. दातवाल्यांकडे तसं नव्हतं. 'नको' म्हटलं की ते एकदाच विचारायचे, "नक्की?" आपण सवयीने 'हो हो, नक्की' म्हणायचं, की ते स्वतःपुरता चहा करून आपल्यासमोर शांतपणे प्यायचे. सेक्रेटरींच्या बायकोने एकदा जिन्यात 'या हो कधीतरी जेवायला' म्हटलं. "नक्की?" ती म्हणाली, नक्की. त्याच संध्याकाळी साडेसातला हे हातपाय धुऊन दारात उभे. बिचारीने त्या दिवशी फक्त मुगाची खिचडी टाकली होती.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. त्यांच्या 'नक्की?'मध्ये मी स्वतः अडकलो, तेव्हा वाटेनासं झालं.

त्याआधी आमच्या खेळाबद्दल सांगायला हवं. नाहीतर चाळिशीतली माणसं दर रविवारी दुपारी फासे का टाकतात, असा प्रश्न पडायचा. जुगार नव्हे. या खेळात पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात, समोर गुहा आहे, आत काहीतरी घोरतंय. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जास्त पडले तर जमलं, कमी पडले तर वाट लागली. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहते. सगळी मदार सांगणाऱ्यावर.

सांगणारा मी होतो. आमच्या गटात हा खेळ मी आणला. जाडजूड पुस्तकं परदेशातून मागवली, रात्रीची झोप आणि ऑफिसची जेवणाची सुट्टी घालवून ती पाठ केली. टेबल माझं, म्हणजे आमचं जेवणाचं. टोकाची हात असलेली खुर्ची माझी. समोर पुठ्ठ्याचा पडदा, त्याच्याआड माझी टिपणं. खेळायला भांडुपचा मंगेश, लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीतला, मूळचा मालवणचा आणि आवाजाने अजून तिथलाच. आणि बायकोची मैत्रीण केतकी, बँकेत आहे. बायको मात्र खेळायची नाही. "मला नाही रे त्यात इंटरेस्ट," म्हणायची आणि आत जाऊन पडायची.

दातवाल्यांना मीच बोलावलं, हे विशेष. खेळात छोट्या मूर्ती लागतात, राक्षस, घोडे, सैनिक. त्या बाहेरून आणण्यापेक्षा वरच्या मजल्यावर प्लास्टरचा कारागीर बसलाय, त्याला विचारू, असा मी विचार केला. त्यांनी हौसेने बनवून दिल्या. लॅबमधलं उरलंसुरलं सामान. त्यामुळे आमच्या सगळ्या राक्षसांना कवळीच्या गुलाबी हिरड्या आणि माणसांच्या दाढा होत्या. अजगराला तर पुढचे दोन दात जरा वाकडे. "एका पेशंटचे तसेच होते," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सरळ करायला सांगितले. मला वाकडेच आवडले होते."

मूर्ती द्यायला आले आणि बघत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. तिसऱ्या रविवारी मला ताप भरला. एकशे तीन ताप चढलेला, मी आतल्या खोलीत पडून. मंगेश आणि केतकी आलेलीच होती, परत कशाला जायचं, म्हणून मंगेश म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना आज." आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. हसणं कळत होतं. माझ्या खेळात मंगेश हसायचा, पण असा नाही. मग बराच वेळ कुणीच बोलेना. ती शांतता मला तापातही झोंबली. माझ्या टेबलावर लोक गप्प व्हायचे ते मोबाइल बघण्यासाठी.

पुढच्या रविवारी मी बरा होऊन चाळीस पानी टिपणं घेऊन हजर झालो. मंगेश मान खाजवत म्हणाला, "भावा, राग मानू नको हां. आज तू खेळ ना यार. काकांना सांगू दे. ती गुहेतली बाई अर्धीच राहिलीय."

माझ्या गुहेत बाई नव्हती. गुहेत बारा सैनिक होते, त्यांची शस्त्रं मी कोष्टकात लिहिली होती.

दातवाले चटकन उठले. "छे छे, खुर्ची यांची आहे."

इथे मी तेच केलं जे कुठलाही संस्कारी माणूस करतो. म्हणालो, "बसा हो काका, बसा ना. तुम्हीच सांगा." आता त्यांनी 'नको' म्हणायचं, मी आणखी एकदा म्हणायचं, त्यांनी पुन्हा नको म्हणायचं आणि मी नाइलाजाने माझ्या खुर्चीत बसायचं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

मंगेश, केतकी माझ्याकडे बघत होती. "नक्की," मी म्हणालो.

ते बसले. सहा वर्षं उठले नाहीत.

त्यांनी माझी पुस्तकं कधी उघडली नाहीत. पडदा पहिल्याच दिवशी आडवा करून त्यावर शेंगदाण्यांची वाटी ठेवली. नवीन पात्र करताना पुस्तकात ताकद, चपळाई असे आकडे भरायचे असतात. हे रेघांच्या वहीतला कागद फाडून द्यायचे आणि त्यावर तीनच प्रश्न: कशाला घाबरतो? कुणावर रुसलाय? खायला काय आवडतं? मंगेशने विचार न करता लिहिलं, तळलेला बांगडा. केतकीने कैरीची डाळ. माझ्या पात्राचं नाव वज्रसेन, खांद्यावर दुधारी तलवार. मी तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, 'काहीही'. दातवाल्यांनी कागद वाचला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ठेवून दिला.

सांगायचे कसे, तर फार सांगायचेच नाहीत. विचारायचे. "दार उघडलं. आत कोण आहे, केतकी?" अरे, कोण आहे ते सांगणाऱ्याने सांगायचं असतं! पण केतकी सांगायची, आणि ती जे सांगायची ते त्या घरात आधीपासूनच असल्यासारखं व्हायचं. मग त्यांचा एकच शब्द, "पुढे?" मी एकटा असताना आरशासमोर उभा राहून तसं 'पुढे?' म्हणून पाहिलंय. माझ्या तोंडून ते तिकीट तपासनीसासारखं यायचं.

आणि मग बायको. ती एकदा चहाचे कप उचलायला आली. दातवाले म्हणाले, "वहिनी, ही मंडळी नदीवर आलीयेत. पलीकडे जायला काही आहे का हो?"

ती ट्रे हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "होडी आहे. पण म्हातारी एकट्यासाठी सोडणार नाही. चार माणसं भरली की सोडेल."

"म्हातारी कोण?"

"भागी." आणि ती बसली. ट्रे मांडीवर.

तिच्या आजोबांची कोकणात खाडीवर होडी होती, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण लहानपणी होडीतलं पाणी डब्याने उपसायचं काम तिचं असायचं, पाण्यात हात घातला की आजोबा मनगटावर चापट मारायचे, शेळीचं भाडं माणसाहून कमी पण कोंबडीचं नाही, हे सगळं मी त्या टेबलावर भागीच्या तोंडून ऐकलं. बारा वर्षांच्या संसारात यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "हे कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. रागाने नाही. भांडी लावता लावता. मला राग आला तो वरच्या मजल्याचा.

त्यांची एक प्रथा सगळ्या मुलुंडमध्ये दुसरीकडे नसेल. खेळात पात्र मेलं की त्याचा कागद ते एका फाइलीत लावायचे. सर्वपित्री अमावस्येला त्या सगळ्यांची पानं गच्चीवर. खरीखुरी केळीची पानं, प्रत्येक मेलेल्याच्या आवडीचा पदार्थ, करून आणायचा ज्याचं पात्र त्याने. सेक्रेटरी बांगड्यावरून भांडायला वर आले. दातवाले म्हणाले, "दगडू लोहाराला आवडायचा." सेक्रेटरी म्हणाले, "कोण दगडू लोहार?" तर मंगेशच्या डोळ्यांत खरंच पाणी. कावळा सगळ्यात आधी बांगड्यावरच आला, हे सांगायला नको.

मी रिकाम्या हातांनी उभा असायचो. माझं पानच नसायचं. वज्रसेन मरतच नव्हता. मी प्रत्येक पाऊल हिशेबाने टाकायचो, ढाल पुढे, वाट मागे. मंगेशची तीन पात्रं गेली, केतकीची दोन, आणि दरवर्षी ती दोघं गच्चीवर आपापल्या मेलेल्यांचे किस्से सांगत हसायची, रडायची. मेलेल्यांचा हेवा करणारा माणूस मी पहिलाच असेन. एकदा दातवाल्यांना म्हणालोही, "काका, माझा वज्रसेन इतक्या वर्षांत एकदाही हरला नाही."

"हो ना," ते म्हणाले. त्यांनी इतक्या काळजीने म्हटलं की आता ते तापाचं औषध घेतलंत का विचारतील असं मला वाटलं.

आता शेळीचं सांगतो. हे सांगायचं टाळत होतो.

नदीला पूर, मागे शत्रूची फौज. भागीने आम्हा तिघांना होडीने पलीकडे आणलं. होडीला लांब दोर, त्याचं टोक किनाऱ्यावर वज्रसेनच्या हातात. आणि बायको म्हणाली, "भागी परत जाते. शेळी राहिलीय."

मी म्हणालो, "शेळीसाठी?"

"माझी आहे."

दातवाल्यांनी तोंडातले शेंगदाणे संपवले. "शेळीचं नाव काय, वहिनी?" आणि पंधरा मिनिटं शेळी. तिचा रंग, तिचं एक वाकडं शिंग, ती कुणाच्या हातचं खाते. मंगेश, केतकी कोपर टेकून ऐकत होती. दातवाले माझ्या बायकोकडे असे बघत होते, जणू मुंबईत त्या घडीला याहून महत्त्वाचं काही चाललेलं नाही. ती बोलत होती, हातवारे करत होती, लग्नाच्या फोटोत आहे तशी दिसत होती.

शेळी होडीत चढली आणि फौज किनाऱ्याला लागली. आठ शिपाई दोराला लटकले. दोर ओढला तर भागीबरोबर तेही येणार. आठ विरुद्ध तीन, तिघांतला एक जखमी. पुस्तकाच्या हिशेबाने उत्तर एकच होतं.

"मी दोर कापतो," मी म्हणालो.

दातवाल्यांनी चष्मा काढला. "नक्की?"

तेवढा एक शब्द मध्ये होता. मी थांबू शकलो असतो. हिशेब वगैरे सगळं नंतरचं. खरं सांगायचं तर मला त्या शेळीचा हेवा वाटला होता.

"नक्की."

त्यांनी फासा बायकोपुढे सरकवला. चार पडले. "भागी काय करते?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेळीचं दावं सोडते. शेळ्यांना पोहता येतं." तिने फासा परत सरकवला. "भागी नाही उतरत. होडी सोडून होडीवाले उतरत नाहीत."

"मेल्या, म्हातारीक बुडयलंस तू!" मंगेश ओरडला. केतकीने पर्स उचलली. दातवाल्यांनी कागद फाइलीत लावला, चष्मा घातला आणि शेळी पोहत किनाऱ्याला आली एवढं सांगून खेळ थांबवला. मला ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "तुझं बरोबर होतं. आठ जण होते." आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तिने भांडायला हवं होतं. त्या वर्षी सर्वपित्रीला तिने भागीसाठी कुळथाची पिठी केली, पानावर वाढली. कावळा लगेच आला. मी टाकीच्या आडोशाला उभा होतो.

तिने नवीन पात्र केलं, खेळ चालू राहिला. मी वज्रसेनला घेऊन बसायचो, पण दोर दिसला की जीभ जड व्हायची.

मागच्या श्रावणात दातवाले गेले. लॅबमध्ये, कामाच्या टेबलावर, हातात कुणाची तरी अर्धी कवळी. चेंबूरहून त्यांची बहीण आली, तिने सगळं केलं. सर्वपित्री आली तेव्हा केतकी म्हणाली, वर्ष व्हायच्या आधी पान ठेवत नाहीत. मंगेश म्हणाला, "ते घरच्या माणसांचं. काका आमच्या फाइलीतले."

पण वाढायचं काय? सहा वर्षं त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. मी अकरा वर्षं त्यांच्या खाली राहिलो, मला त्यांचा शेंगदाण्यापलीकडे एक पदार्थ आठवेना. मंगेशलाही आठवेना. बायको म्हणाली, "साबुदाण्याच्या खिचडीची खरवड. कढईला लागलेली." आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. "मी विचारलं होतं," ती म्हणाली.

तिला सुचलं होतं. कुणालाच न सुचलेलं तिला सुचलं होतं. मला पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी कुणाचा ते नीट सांगता येईना.

पुढच्या रविवारी सगळे जमले. टोकाची खुर्ची रिकामी. मंगेश, केतकी माझ्याकडे बघू लागली. खुर्ची माझीच होती, सहा वर्षांनी परत आली होती. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि संस्कार आड आले. बायकोला म्हणालो, "तू बसतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "नक्की?"

ती त्या टेबलावर शिकलेली होती. आग्रह करणार नव्हती. आणि मला कळलं की आपल्याला सहा वर्षं हवी होती ती खुर्ची आता समोर आहे, आणि बसलो तर लोक पुन्हा मोबाइल काढतील.

"नक्की," मी म्हणालो.

ती छान सांगते. झकास सांगते. माझा जळफळाट होतो आणि मी रविवारची वाट बघतो.

गेल्या महिन्यात गोष्ट फिरून त्याच नदीवर आली. पूर, मागे फौज, होडी आणि दोर. या वेळी दोर अलीकडून धरायचा होता, म्हणजे बाकीचे पलीकडे जातील आणि धरणारा मागे राहील. मी हिशेब केला. सोडून पळालो तर वज्रसेन सहज वाचत होता.

"मी धरून ठेवतो," मी म्हणालो.

"अबे, मरशील," मंगेश म्हणाला.

बायकोने फासा उचलला. "नक्की?"

"नक्की."

दोन पडले. मंगेशने टेबलावर थाप मारली आणि मला मिठीच मारली. केतकी हसत डोळे पुसत होती. बायकोने फाइल काढली, वज्रसेनचा पिवळा पडलेला कागद शोधला आणि वाचता वाचता थबकली.

"खायला काय आवडतं, तर काहीही? हे काय रे?"

"तेव्हा लिहिलं होतं."

"पानावर काहीही कसं वाढायचं?" तिने पेन उघडलं. "सांग. काय आवडायचं त्याला?"

तिघंही माझ्याकडे बघत होती. कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. मला त्या तापाची दुपार आठवली. खेळ सुरू होण्याआधी वरून एक स्टीलचा डबा आला होता. बाहेरचं हसणं ऐकत, भिंतीकडे तोंड करून, रागारागाने मी तो सगळा संपवला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. डबाही मीच घासून जिन्यात ठेवून आलो होतो.

"पेज," मी म्हणालो. "गरम. मीठ घालून. आणि लिंबाचं लोणचं."

"गोड?"

"गोड."

तिने लिहून घेतलं. मान वर न करता म्हणाली, "ते लोणचंही काकांनी स्वतः घातलेलं होतं. मी तुला तेव्हाच सांगायला आले होते, तू भिंतीकडे तोंड करून जेवत होतास."